फॉरेन एडला मराठीत काय म्हणायचं: मदत, साहाय्य, अनुदान की सहकार्य?

प्रश्न असा आलाय की इंदूरच्या एका संस्थेचं मराठी माहितीपत्रक करायचंय, त्यात 'फॉरेन एड' आणि 'इंटरनॅशनल पब्लिक रिलेशन्स' हे शब्द वारंवार येतात, हिंदी मसुद्यात 'विदेशी सहायता' आणि 'अंतरराष्ट्रीय जनसंपर्क' लिहिलंय, तर तेच उचलून चालेल का.

उचलू नका. इथे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असं आपलं सगळ्यांचंच असतं, त्यामुळे 'सहायता' कानाला खटकत नाही, पण मराठीत तो शब्द साहाय्य आहे (मूळ शब्द सहाय, त्यावरून साहाय्य, म्हणून पहिलं अक्षर सा, पण 'सहाय्य'ही सर्रास छापतात) आणि बोलताना तर सरळ मदत. 'विदेशी'च्या जागी परदेशी घ्या. परकीय चलन, परकीय गुंतवणूक हे रुळलेलं आहे, पण परकीय सत्ता, परकीय आक्रमणही त्याच शब्दाने होतं, त्यामुळे मदतीच्या मागे तो लावला की उगाच दुरावा येतो.

खरी अडचण पुढे आहे. मदत म्हटलं की आपल्याला वाटतं परत करायची नाही. ज्येष्ठांना विचारा, 'अमेरिकेच्या मदतीचा गहू' असंच म्हणतील, लालसर, माळव्याच्या गव्हाची चव माहीत असलेल्यांना अजिबात न आवडलेला. तो आला पीएल-४८० खाली, म्हणजे परदेशांना धान्य पुरवण्याच्या अमेरिकन कायद्याखाली, कायदा १९५४ चा, आपला पहिला करार १९५६ चा, आणि त्यातला बहुतेक गहू आपण विकत घेतला होता, फक्त डॉलर न देता रुपयांत. ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साठत गेले आणि शेवटी १९७४ मध्ये त्यांच्या राजदूतांनी, मॉयनिहन यांनी, १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारत सरकारला देऊन त्यातला मोठा हिस्सा सोडून दिला. मग ही मदत, विक्री की कर्ज? तिन्ही थोडंथोडं.

फुकट आलेला माल वेगळा होता, शाळांत वाटलेली दूध पावडर वगैरे. त्या पोत्या-डब्यांवर एकमेकांत धरलेले दोन हात, मागे अमेरिकन झेंड्याचे पट्टे आणि चांदण्या, खाली अमेरिकन जनतेकडून भेट अशा अर्थाचा मजकूर आणि विकायला मनाई. तुमचा दुसरा शब्द, पब्लिक रिलेशन्स, तो इथेच त्या पोत्यावर बसलाय बघा. मार्शल प्लॅनपासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला सावरायला दिलेल्या मदतीपासून, ही पद्धत आहे, देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं पाहिजे.

म्हणून मी म्हणते, पत्रकात वरचा शब्द 'परदेशी मदत' ठेवा, पण जिथे आकडे येतात तिथे अनुदान आणि कर्ज वेगळं लिहाच. श्रीमंत देश आपल्या मदतीचा जो हिशोब मांडतात त्यात सवलतीचं कर्जही धरलेलं असतं. बडोद्यावरून जाणारी बुलेट ट्रेन घ्या, पेपरात 'जपानच्या मदतीने' येतं, आहे ते कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं. अतिशय स्वस्त, पण फेडायचं. 'सवलतीचं कर्ज' लिहिलं की वाचणाऱ्याला नीट कळतं. आणि 'दान' तर नकोच. अहिल्याबाईंनी होळकरांच्या राज्याबाहेर काशीला, गयेला जे बांधलं ते दानधर्म. सरकारं परराष्ट्र धोरण म्हणून पैसे देतात, त्याला तो शब्द शोभत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूचा आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, मिंधेपणा. भारताने २००३ मध्ये बऱ्याच लहान देणगीदार देशांना आता तुमची मदत नको म्हणून कळवलं, २००४ च्या त्सुनामीत परदेशी सरकारांची मदत नाकारली, त्यामागे हेच होतं, कुणाचं मिंधं राहायचं नाही. हे देणाऱ्यांनाही ठाऊक असतं, म्हणून हल्ली एड म्हणणं बरेच जण टाळतात, कोऑपरेशन, पार्टनरशिप म्हणतात, आपलं परराष्ट्र खातंसुद्धा 'विकास भागीदारी' म्हणतं. मला मराठीत इथे सहकार्य बरं वाटतं, कारण भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटेकरी, आणि मदतीतून बांधलेल्या धरणाचं काम फसलं तर तोटा दोघांचा होत नाही. अर्थात खात्याचं अधिकृत नाव असेल तिथे ते तसंच ठेवा.

नावाचं काम किती विचार करून करतात ते बघायचं तर तुर्कस्तानच्या २०२३ च्या भूकंपातलं आपलं पथक बघा. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन दोस्त'. दोस्त तुर्की भाषेतही मित्रच! ढिगाऱ्यापाशी उभ्या माणसाला भाषांतर लागलं नाही. मला हे मनापासून आवडलं.

आता जनसंपर्क. शब्द चूक नाही, पण मध्य प्रदेशात तो ऐकला की एक तर सरकारी जनसंपर्क विभाग आठवतो, नाही तर निवडणुकीत हार घालून गल्लोगल्ली फिरणारा उमेदवार, रोज पेपरात 'जनसंपर्क किया' वाचतो ना आपण. एखादा देश वॉशिंग्टनमध्ये फर्म नेमून आपली बाजू मांडून घेतो (तिथे १९३८ पासून अशा फर्मना सरकारकडे नोंद करावी लागते), ते ह्या शब्दात बसत नाही. तिथे 'परदेशात देशाची प्रतिमा जपण्याचं काम' असं उलगडून लिहा, आणि पोत्यावरच्या शिक्क्यासारख्या गोष्टींना साधं 'प्रसिद्धी'. लांब झालं तरी चालेल, पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहा आणि मग पुढे खुशाल पीआर म्हणा, तो आता सगळ्यांना कळतो.