ऑप्शन फॉर्मची पहिली ओळ

*ताई,*

*आम्ही नागपूरला कॉर्पोरेशन कॉलनीत भाड्याने राहतो. यांचं बर्डीवर चष्म्याचं छोटं दुकान आहे. एकुलती एक मुलगी यंदा बारावी झाली, सीईटी दिली. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं, सगळं मीच केलं. तहसीलला चकरा मारून नॉन-क्रिमीलेअरचं सर्टिफिकेट काढलं, मागचे कटऑफ वहीत उतरवले, एकेचाळीस पर्यायांची यादी बनवली. आधी पुण्याची कॉलेजं, मग नागपूरची, सगळीकडे कॉम्प्युटर नाहीतर आयटी. ती नुसती 'हो' म्हणायची. २०२३ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून ती तशीही जरा विचित्रच वागते, नाल्यांचे फोटो काढत बसते, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.*

*पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म कन्फर्म करायच्या रात्री तिने माझा मोबाइल मागितला. म्हणाली, एकदा बघते. मी दिला. पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा कळलं की तिने सगळ्यात वर अमरावतीच्या सरकारी कॉलेजचं सिव्हिल टाकलं होतं, आणि नेमकं तेच लागलं! आता पुढच्या फेरीतही जाता येत नाही म्हणतात.*

*अमरावतीची मुलं नागपूरला शिकायला येतात आणि माझी पोरगी उलटी चालली. विचारलं तर म्हणते, "तू मला विचारलंच कुठे होतं?" मी तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला आणि तिने माझा केसाने गळा कापला. आम्ही बोलूनच नाही राहिलो. हे म्हणतात, तुम्ही दोघी पाहून घ्या. एक काउन्सेलर म्हणतात, ही सीट सोडा, पुण्याला संस्थेच्या कोट्यातून कॉम्प्युटर करून देतो. काय करू? आणि पुण्याच्या जावेला काय सांगू? पोरगी तुमच्याकडेच येणार म्हणून तिला सांगून बसले आहे. दोन्ही फॉर्मच्या प्रिंट सोबत पाठवते.*

*— एक आई*

ताई म्हणालात, तर ताईसारखंच बोलते.

तुमचं पत्र एकदा वाचलं, पण त्या दोन प्रिंट बराच वेळ समोर ठेवून बसले. एक तुमची. समासात निळ्या पेनाने कटऑफ लिहिलेले, कुठे 'हॉस्टेल नाही', कुठे 'स्टेशनपासून लांब', एका कॉलेजपुढे 'जाऊबाईंच्या घराजवळ' असं लिहून खाली दोन रेघा. दुसरी कन्फर्म झालेली, तिची. दोन्ही शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट फिरवत गेले. तुमच्या यादीतलं पहिलं कॉलेज तिच्या यादीत दुसरं आहे. तुमचं दुसरं ते तिचं तिसरं. असं करत करत शेवटपर्यंत. तुमच्या एकेचाळीस, तिच्या बेचाळीस. तिने तुमचं एकही कॉलेज खोडलेलं नाही, एकही वरखाली केलेलं नाही. वर एक ओळ घातली आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं.

हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला वाटतं, अमरावती हा शब्द वाचल्यावर तुम्ही पुढे वाचलंच नसेल.

केसाने गळा कापणारी पोरगी असं करत नाही. तिच्या हातात मोबाइल होता, अख्खी रात्र होती. मनात आणलं असतं तर पुणं सगळंच उडवून मोकळी झाली असती. तिने एवढंच म्हटलं, की मला हे एक हवं आहे, आणि ते नाही लागलं तर आई म्हणेल ते. तुमच्या वहीवर तिचा भरवसा होता. नसता, तर तिने स्वतःची वही केली असती.

लपवलं, हे चूकच. ते तिला स्पष्ट सांगा. "मोबाइल मागताना खरं सांगायला हवं होतंस, मला फार लागलं," असं तोंडावर म्हणा आणि ती रडली तर रडू द्या. पण लपवल्याचा राग वेगळा आणि सिव्हिलचा राग वेगळा. तुम्ही दोन्हींची गल्लत करून शिक्षा सीटला देऊ पाहताय. तिने उजळ माथ्याने हेच मागितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? पत्रावरून तरी वाटतं की "वेड लागलं का तुला" म्हणाला असता आणि यादी पुढे चालू ठेवली असती. तेव्हा 'तू विचारलंच कुठे होतं' हे तिचं वाक्य उद्धट असलं तरी खोटं नाही. ती 'हो' म्हणायची, असं तुम्ही लिहिता. कशाला हो? हे कॉलेज वर घेऊ की ते, यालाच ना? काय शिकायचं आहे, हा प्रश्न तुमच्या पत्रात मला कुठेच सापडला नाही.

एकट्या तुम्हाला बोलत नाही. जून-जुलैत नागपुरात कुठल्याही घरी जा, आईच्या हातात प्लॅस्टिकची फाइल आणि पोरगं कोपऱ्यात मोबाइलवर. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांची धावपळ आईबापांना करावीच लागते, ती सतरा-अठरा वर्षांच्या पोरांकडून होत नाही. दाखले काढता काढता पसंतीही आपणच ठरवून टाकतो, आणि मग तक्रार करतो की पोरांना कशाचं काही पडलेलंच नाही.

आता त्या नाल्यांच्या फोटोंकडे येते. पत्रात तुम्ही ते असं लिहिलंय की जणू वयाचा काही विक्षिप्तपणा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच घरात पाणी होतं. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली. तुमची मुलगी तेव्हा अकरावीत. त्यानंतर शहरात किती वाद झाला, आठवतं ना? सांडव्यासमोरच्या पुतळ्याने पाणी अडलं की नाही, नदीचं पात्र कोणी अरुंद केलं, पूल किती बुटके आहेत. प्रकरण हायकोर्टात गेलं. मोठी माणसं पंचनाम्याच्या आणि भरपाईच्या रांगेत होती. तेव्हा घरातली एक पोरगी बहुतेक स्वतःलाच विचारत होती, की दीडशे वर्षांहून जुन्या तलावाचं पाणी आपल्या पलंगापर्यंत आलं कसं. या प्रश्नाचं उत्तर जिथे शिकवतात त्या शाखेचं नाव सिव्हिल. पाण्याचा निचरा, धरणं, पूल, माती, सगळं त्यातच येतं.

मी अंदाज करतेय, चुकीचाही असेल. कदाचित एखादी मैत्रीण अमरावतीला चालली असेल, नाहीतर तिला फक्त पुण्याच्या काकूकडे राहायचं नसेल. (तसं असेल तर तेही ऐकून घ्या, त्या दोन रेघा तिनेही पाहिल्या आहेत.) पण विचारल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा तिला म्हणा, ते फोटो दाखव बरं मला. फक्त पाहा. 'यात पैसा आहे का' हे त्या दिवशी विचारू नका.

पैशाचं मला विचारा. सिव्हिलला सुरुवातीचा पगार बहुतेक वेळा कॉम्प्युटरपेक्षा कमी असतो, हे खरं आहे. काम साइटवर असतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात साइटवर उभं राहणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं. तिलाही कळू द्या. ओळखीतला एखादा बांधकाम विभागातला किंवा जलसंपदातला इंजिनिअर गाठा आणि तिला एक दिवस त्याच्याबरोबर पाठवा. दुसऱ्या बाजूने, सरकारी अभियंत्याच्या भरतीत सगळ्यात जास्त विचारली जाणारी शाखा हीच आहे, आणि विदर्भात पाण्याचं काम संपलेलं नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मधलं, त्याची कामं अजून चाललीच आहेत. कॉम्प्युटरचं म्हणाल, तर तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेच्या जागांवरची मर्यादा उठवली आणि कॉलेजांनी त्याच जागा वाढवून घेतल्या. इतक्या जणांत जिला मुळातच गोडी नाही, तिचं काय होईल, हे तुमच्या वहीतल्या कटऑफवरून कळत नाही.

आता ते काउन्सेलर. त्यांचा मला राग आलाय, म्हणून जरा सावकाश लिहिते. ते म्हणतात सीट सोडा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची सीट लागली की ती आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते, हे तुम्ही बरोबर ऐकलंय. ती सोडली तर कॅपच्या पुढच्या फेऱ्याही गेल्या. उरतो तो संस्थेचा कोटा, कॉलेज स्वतः भरतं त्या जागा, म्हणजे त्यांचंच दुकान. त्यांनी जे सांगितलं नाही ते मी सांगते. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला, की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरेल. पूर्वी निम्मी भरायचं. अट एकच महत्त्वाची, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन किंवा संस्थेच्या कोट्याला हे लागू नाही. तुम्ही तहसीलला चकरा मारून काढलेलं ते नॉन-क्रिमीलेअर अमरावतीच्या सीटवर पूर्ण कामी येतं आणि पुण्याच्या त्या सीटवर फीच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. तिथे चार वर्षांची पूर्ण फी, वर पुण्याचं राहणं-खाणं. बर्डीवरच्या चष्म्याच्या दुकानातून हे कसं काढायचं, याचा हिशेब तुमच्या मिस्टरांना समोर बसवून करा. 'तुम्ही दोघी पाहून घ्या' म्हणणाऱ्या माणसाला निदान आकडे तरी पाहू द्यात.

राहता राहिली अमरावती. खरं सांगू का, तुमच्या पत्रातला सगळ्यात प्रामाणिक सूर मला तिथेच लागला. आपण नागपूरकर इथून थेट पुण्या-मुंबईकडेच पाहतो, मधली गावं दिसतच नाहीत. कठोरा नाक्याजवळचं ते सरकारी कॉलेज १९६४ पासूनचं आहे, स्वायत्त आहे, विदर्भातले कितीतरी इंजिनिअर तिथून निघाले. अंतर दीडशे किलोमीटर. सकाळी नागपूरहून गाडीत बसलं तर दुपारचं जेवण मुलीबरोबर होतं. पुण्याला एक अख्खी रात्र जाते. तिला ताप आला तर कुठे लवकर पोचाल, याचाही विचार करा. लोक काय म्हणतील हे तुमच्या मनात आहे, ते मी समजू शकते. पण लोकांनी तुमच्या घरातला गाळ काढला नव्हता.

तर मी काय करेन? सीट घेईन. रिपोर्टिंगची मुदत तुमच्या अबोल्यासाठी थांबणार नाही, म्हणून आजच तारीख बघा. मूळ कागद एकदा तपासून घ्या: नॉन-क्रिमीलेअरची मुदत, जात पडताळणी, टीसी, सीईटीचं गुणपत्रक. हे काम तुमचंच, तुमच्याइतकं नीट कोणी करणार नाही. हॉस्टेलचा अर्ज आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फीचा अर्ज मात्र तिला भरू द्या. चुकेल, परत भरेल. तिचा मोबाइल नंबर, तिचा पासवर्ड. तुम्ही शेजारी बसू नका, हे तुम्हाला जड जाईल म्हणून मुद्दाम लिहिते. कुठल्या कागदाची स्कॅन हवी ते ती विचारेल तेव्हा सांगा.

पहिलं वर्ष झाल्यावर तिलाच वाटलं की चुकलं, तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर शाखा बदलण्याची सोय बऱ्याच कॉलेजांत असते. कॉलेजात गेलात की नियम विचारून ठेवा. पण ही माहिती स्वतःपुरती ठेवा. आत्ता तिच्यासमोर काढलीत तर तिला वाटेल, आई अजून कॉम्प्युटरच्याच मागे आहे.

अबोला तुम्हीच मोडा. मोठ्यांनी आधी बोलावं वगैरे म्हणून नाही, तिला ते जमणार नाही म्हणून. ती घाबरलेली आहे. जे मागायचं धाडस नव्हतं ते चोरून घेतलं आणि ते खरंच मिळालं, या प्रकाराने कोणीही घाबरेल. कदाचित तीही मनातून म्हणत असेल की नसतं लागलं तर बरं झालं असतं. तिच्या खोलीत जा, तुमची ती निळ्या खुणांची प्रिंट घेऊन जा, आणि विचारा की वर ही ओळ घातलीस तेव्हा बाकीच्या का नाही हलवल्यास. काय सांगते ते मलाही कळवा, मला उत्सुकता आहे.

आणि जावेचं. फोन करा, हवापाणी विचारा, मग सांगा: सिव्हिल मिळालं, अमरावतीला, सरकारी कॉलेज, फी नाही. त्या म्हणतील, "अगं पण कॉम्प्युटरचं काय झालं?" तुम्ही म्हणा, "तिलाच विचारा, थांबा, देते," आणि फोन मुलीच्या हातात द्या.