लेकीला रवांडाला पाठवू का?

*"मुलगी एम.एस्सी. (संख्याशास्त्र), सेट झालेली. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय, मानधन कधी वेळेवर नाही. आता रवांडा विद्यापीठात दोन वर्षांच्या करारावर शिकवायची संधी आलीय. पण तिथे लाखो माणसं मारली गेली होती म्हणे. घरात कुणीच तयार नाही. काय करावं?" – एक आई, लातूर जिल्हा*

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. 1994च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत आफ्रिकेतल्या या देशात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, त्यांतली बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची. मारणारे बहुसंख्य हुतू समाजातले. देशाचं राष्ट्रीय विद्यापीठ तेव्हा दक्षिणेला बुतारे या गावी होतं, 1963 साली जेमतेम पन्नास विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं. त्या भागाचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हब्यालिमाना यांनी पहिले काही दिवस कत्तल रोखून धरली होती. त्यांना पदावरून काढलं, पुढे मारूनही टाकलं. मग प्राध्यापक गेले, विद्यार्थी गेले. विद्यापीठाच्या रुग्णालयात खाटेवरच्या रुग्णांनाही सोडलं नाही. आणि मारणाऱ्यांत भरपूर शिकलेली माणसंही होती. आयुष्यभर मुलांना 'शिका' म्हणत आले, पण या ठिकाणी दर वेळी माझी जीभ अडते.

तरीही वर्षभराच्या आत, एप्रिल 1995 मध्ये, ते विद्यापीठ पुन्हा उघडलं. तुम्ही लातूरकर, किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या. भिंती लवकर उभ्या राहतात, गाव बसायला वेळ लागतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! तिथे तर धरणी हलली नव्हती, शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं होतं. वाचलेले आणि परदेशातून परतलेले जुने निर्वासित एकाच बाकावर आले. युगांडात वाढलेल्यांना इंग्रजी यायचं, फ्रेंच नाही. देशात शिकलेल्यांना फ्रेंच यायचं, इंग्रजी नाही. शिकवणार कोण आणि कुठल्या भाषेत, हाच पहिला प्रश्न होता. म्हणून विद्यार्थ्यांना आधी दुसरी भाषा शिकवली आणि बाहेरून शिक्षक बोलावले. 1997 मध्ये राजधानी किगालीतल्या जुन्या लष्करी शाळेच्या आवारात तंत्रज्ञान संस्था निघाली. जिथे सैनिकी अधिकारी घडायचे तिथे अभियंते घडू लागले. 2013 मध्ये अशा सगळ्या सरकारी उच्च शिक्षणसंस्था एकत्र करून आजचं रवांडा विद्यापीठ झालं.

त्यांची मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळीच आहे. स्वीडनच्या मदतीने त्यांनी आपल्याच तरुण अध्यापकांना पीएच.डी.ला पाठवलं, तेही असं की अर्धं काम तिकडे आणि अर्धं मायदेशी. माणूस परत यावा, हा हिशेब. म्हणजे तुमच्या लेकीला कायमचं ठेवून घ्यायला ते बोलावत नाहीयेत. स्वतःची माणसं तयार होईपर्यंत हात लावायला बोलावताहेत. हे तिने मनात पक्कं धरून जावं.

आता करिअर. माझं मत: जावं, पण कराराचे कागद नीट पाहून. सहा वर्षं तासिकांवर काढलेल्या मुलीला पूर्णवेळ शिकवायला मिळणं लहान गोष्ट नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत परदेशातली सेवाही पुढे इथल्या नोकरीत धरण्याची सोय आहे. मात्र पद समकक्ष हवं, निवड रीतसर समितीने केलेली हवी, आणि कंत्राटी सेवेला वेतनाचीही अट आहे. म्हणून नेमणूकपत्रात पदनाम, पूर्णवेळ काम आणि वेतन स्पष्ट लिहून घ्या. पगार कुठल्या चलनात, घर आणि विमा कुणाचा, करार मध्येच मोडला तर परतीचं तिकीट कोण देणार, हेही तोंडी नको.

आणखी एक. त्या विद्यापीठात जागतिक बँकेच्या मदतीने डेटा सायन्सचं केंद्र उभं आहे. संख्याशास्त्राच्या मुलीने आत्ताच विचारावं, नोकरी करत पीएच.डी.ला नाव घालता येईल का? नुसते तास घेऊन परतली तर दोन वर्षं अर्धीच कामाला येतील.

सुरक्षिततेचं म्हणाल तर किगालीत आपला भारतीय उच्चायोग आहे, तिथे पोचताच नोंदणी करावी. पश्चिमेला काँगोच्या सीमेकडे मात्र फिरायला जाऊ नये, तिकडची लढाई शमलेली नाही. आणि कुणालाही 'तू हुतू की तुत्सी' असं चुकूनही विचारू नये. 7 एप्रिलपासून तिथे शोकाचा आठवडा पाळतात, त्या दिवसांत वर्गातलं कुणी गप्प गप्प असलं तर कारण खोदू नये. शिकवणं इंग्रजीत असलं तरी मुलांच्या घरची भाषा किन्यारवांडा आहे. तेव्हा सावकाश बोलायचं, आणि त्यांच्या भाषेतलं थोडं तरी शिकायचं.

घरच्यांचा विरोध एका बैठकीत मावळणार नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, आणि सही करण्याआधी कराराची प्रत मला पाठवा.