नवजात कक्षासाठी निधी उभारताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

यंदा देखाव्याचा खर्च कमी करून सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षाला व्हेंटिलेटर द्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा? (गणेश मंडळाचे कार्यकर्ते, महाल)

कोटेशन मागवण्याआधी कक्षात जाऊन या. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा, कुठल्याही सरकारी रुग्णालयाला देणार असाल तरी आधी अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांना पत्र द्या आणि त्यांच्या परवानगीनं कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. त्यांना दोनच गोष्टी विचारा: बंद पडलेलं काय आहे, आणि रात्रपाळीत कशावाचून अडतं?

बहुतेक वेळा उत्तर व्हेंटिलेटर नसून बबल सीपॅप, म्हणजे नाकावाटे हलक्या दाबानं हवा देणारं यंत्र, असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट (हवेच्या पिशव्या मिटू न देणारा स्राव) कमी असतं, त्यामुळे श्वास सोडला की हवेच्या पिशव्या मिटून चिकटतात. सीपॅप त्या उघड्या ठेवतं. बाळाच्या नाकातून येणारी नळी पाण्याच्या बाटलीत ५ सेंटीमीटर बुडवली की दाबही तेवढाच, ५ सेंटीमीटर पाण्याचा. बुडबुडे थांबले तर कुठंतरी हवा गळतेय, हे सिस्टरना लांबूनही दिसतं.

यादी मात्र पूर्ण करा. गरम ओलावा देणारा ह्युमिडिफायर हवा, नाहीतर कोरड्या हवेनं नाक सुकतं आणि स्राव घट्ट होतो. प्रॉन्ग्स (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) आणि त्या जागेवर धरणाऱ्या टोप्या सगळ्या मापांच्या हव्यात. प्रॉन्ग लहान पडली तर हवा गळते, घट्ट बसली तर नाकाचा पडदा झिजून जखम होते. हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर कधीही वगळू नका. निव्वळ ऑक्सिजन अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा कायमचा बिघडवू शकतो. म्हणून सोबत पल्स ऑक्सिमीटर लागतोच, आणि ऑक्सिजनवरच्या बाळाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात. आणखी एक: भिंतीत दाबाच्या हवेची पाइपलाइन आहे का ते पाहा. नुसती ऑक्सिजनची असेल तर ब्लेंडरला हवा कुठून मिळणार? तिथं कॉम्प्रेसर असलेलंच यंत्र घ्या.

वर्गणीची परवानगी गणेशोत्सवापुरती असेल तर त्याच पावतीपुस्तकावर रुग्णालयाचा निधी घेऊ नका. सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात उद्देश स्पष्ट लिहून विचारणा करा.

दोन वर्षांपूर्वी नवजात कक्षाला दिलेला वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारं यंत्र) कोपऱ्यात बंद आहे. देणगीदारांना काय सांगू? (महिला मंडळ, प्रतापनगर)

आधी कारण शोधा. पुष्कळदा ते बोटभर वायरीएवढं असतं. वॉर्मरचा स्किन प्रोब, म्हणजे त्वचेचं तापमान मोजणारी वायर, बाळाच्या पोटावर, यकृताच्या बाजूला, चकचकीत स्टिकरनं चिकटवतात. त्वचेचं तापमान ३६.५ अंशांवर राहील इतकीच उष्णता मग वरचा हीटर देतो. प्रोब सुटून लोंबला की यंत्राला खोलीची हवा हेच बाळाचं तापमान वाटतं आणि हीटर पूर्ण तापतो. बाळाला पालथं केलं आणि प्रोब खाली दबला, तर उलट हीटर मंदावून बाळ गार पडतं. वायर रोज वाकते, पुसली जाते, शेवटी आतून तुटते. नवा प्रोब नसला की अख्खं यंत्र बाजूला लागतं.

पुढच्या वेळी प्रत्येक वॉर्मरबरोबर निदान दोन जादा प्रोब घ्या आणि वॉरंटीनंतरचा देखभाल करार सुट्या भागांसह, लेखी करा. नुसत्या 'सर्व्हिस'च्या करारात प्रोबचे पैसे वेगळे लागतात. आमच्या मते गोळा झालेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग या गोष्टींसाठीच राखावा. यंत्र रुग्णालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढलं आहे का, तेही पाहा. नोंद नसेल तर दुरुस्तीचा खर्च टाकायला लेखा शाखेला आधारच नसतो.

विजेकडेही लक्ष द्या. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. वॉर्मर हीटरचं यंत्र आहे, ते मल्टिप्लगवर कधीच चालवायचं नसतं. वाढीव भार पेलेल असं सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडून लेखी आल्याशिवाय यंत्र उतरवू नका. वायरिंगसाठी पैसे द्यायची वेळ आली तर आनंदानं द्या, त्यावर पाटी लागणार नाही तरीही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. मग वॉर्मर कशाला? (एक वाचक, हुडकेश्वर)

कक्ष एसीचा असतो, आणि दीड किलोच्या बाळाकडे ऊब धरून ठेवायला चरबीच नसते. पातळ त्वचेतून पाणी उडतं, त्याबरोबर उष्णताही जाते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहायला हवं. कक्षाला डेझर्ट कूलर मात्र देऊ नका. टाकीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि झोत थेट बाळावर येतो.

ऊब देण्याचा सर्वात चांगला मार्ग आईची छाती आहे. बाळाला असं आईच्या त्वचेला लावून छातीशी ठेवायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये ती जन्मानंतर लगेच सुरू करायला आणि दिवसाला ८ ते २४ तास द्यायला सांगितलं. पण आई स्टुलावर आठ तास बसेल कशी? गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेल्या बाया सिझेरियनच्या टाक्यांसकट बसतात. पाठ मागं झुकणाऱ्या, पुसता येणाऱ्या रेक्झिनच्या खुर्च्या, समोरून उघडणारे गाऊन आणि बाईसाठी दोन वेळचं जेवण द्या. थोडक्या रकमेत याहून मोठं काम नाही.

नातीच्या वाढदिवसाला नवजात कक्षात दूध पावडरचे डबे वाटले तर? (आजोबा, धरमपेठ)

नको. १९९२ च्या कायद्यानुसार बाळांची दूध पावडर आणि बाटल्या दान करायला बंदी आहे, अपवाद अनाथालयाचा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला आईचंच दूध सोसतं. रुग्णालय घेणार असेल तर दूध काढायचा पंप किंवा दूध साठवायचा फ्रीज द्या.

माझा मुलगा अमेरिकेत आहे, तो या निधीसाठी पैसे पाठवणार आहे. करसवलत मिळेल का? (निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर)

त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेमार्फत पाठवलेली त्याची बचत विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर विदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येईल. तुमच्या खात्यावर मागवून तुम्ही पुढं देणं हा मार्ग टाळा.

सवलतीसाठी संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता हवी, देणाऱ्यानं जुनी करप्रणाली घेतलेली हवी आणि रोख रक्कम २,००० रुपयांच्या आत हवी. यंत्र स्वतः विकत घेऊन दिलं तर सवलत मिळत नाही, कारण वस्तुरूप दान त्यात बसत नाही. म्हणून संस्थेला धनादेश द्या, पत्रात 'सीपॅप आणि त्याचे सुटे भाग' असा उद्देश लिहा आणि खरेदीच्या बिलाची प्रत मागून घ्या.