सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आणि गड्ड्याची गर्दी

ताई, बाळ काचेच्या पेटीतून घरी आलंय ना? मग आधी बघायला येणाऱ्यांची रीघ आवरा. आमच्याकडे सर्दी झालेल्या आत्यानं पापा घेतला आणि चौथ्या दिवशी आम्ही परत दवाखान्यात. वाईटपणा घ्या, पण शिंकणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, बाळ नेऊ नका. सिद्धेश्वर पुढच्या वर्षीही आहेत.

- आधी साबणानं 20 सेकंद हात, मग बाळ.
- धुरी, बिडी बंद. (शेगडीवरून सासूबाईंशी वाजेल. वाजू द्या.)
- फ्लूची लस बाळाला 6 महिन्यांनंतर. तुम्ही दोघं आत्ताच घ्या.

दूध ओढेना, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, शांत असतानाही मिनिटाला 60 श्वास भरतायत, तर ओव्याची पुरचुंडी शेकत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.