गावठी अंड्यात खरंच जास्त ताकद असते का?

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी गावठी अंडी आणते, फार्मच्या अंड्यापेक्षा जवळजवळ डबल भाव पडतो. सासूबाई म्हणतात त्यातच खरी ताकद, नवरा म्हणतो अंडं ते अंडं. कोण बरोबर?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : दोघंही थोडे थोडे बरोबर! प्रोटीन म्हणाल तर फरक नाहीच, उलट गावठी अंडं आकाराने बारकं, ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यात साधारण ५ ग्रॅम प्रोटीन, आणि फार्मचं मोठं असल्यामुळे ६-७ ग्रॅम. कोलेस्टेरॉलही सारखंच धरा. पण जी कोंबडी दिवसभर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पालापाचोळा उकरत, गवत नि किडे टिपत फिरते तिच्या बलकात ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन ई जास्त मिळतं, आणि ऊन अंगावर पडतं म्हणून व्हिटॅमिन डीसुद्धा, जे पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या नशिबात कुठलं. (फार्मवाले खाद्यातून देऊ शकतात, ते वेगळं.)

आता रंगाचं. कवच तपकिरी म्हणजे गावठी असं अजिबात नाही, तो कोंबडीच्या जातीचा गुण. केशरी बलकावरही भुलू नका, खाद्यात झेंडूचा अर्क घातला की पिंजऱ्यातली कोंबडीपण तसाच बलक देते! त्यापेक्षा विकणाऱ्या बाईंनाच विचारा, कोंबड्या सुट्या असतात की कोंडलेल्या, खातात काय.

आणि रस-ऑम्लेट करणार असाल तर खुशाल फार्मचं घ्या, त्या शाकुतीच्या, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रसात गावठीची चव कोणाला कळणार?