बंदूक मोजायची की माणूस?

अगं, बंदुकांच्या कायद्यांवरचं तुझं भाषण काल रात्री वाचलं, सकाळी पर्वती उतरून आल्यावर परत एकदा वाचलं. भाषा झकास, पण तुलना फसलीये. भारत आणि अमेरिका एकमेकांशेजारी ठेवून काय हाती लागणार? तिकडे बंदूक 1791 पासून घटनेतला हक्क, आपल्याकडे सरकार देईल तर लायसन्स. परीक्षक माना डोलावतील आणि चहाला जातील.

त्यापेक्षा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड घे. दोन्हीकडे मेंढ्या, शेतं, ससे मारायला घराघरात रायफली, कायद्याचं मूळही इंग्रजांचंच, तरी वाटा वेगळ्या झाल्या. 1996 ला टास्मानियात पोर्ट आर्थरला एकाने 35 माणसं मारली, तर पंतप्रधान हॉवर्डनी दोन आठवड्यांच्या आत सगळी राज्यं राजी केली, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी, साडेसहा लाखांच्या आसपास हत्यारं पैसे मोजून परत घेतली, आणि राहिलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद. बंदूकवाले असे भडकलेले की एका सभेत हॉवर्ड कोटाच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घालून उभे होते. हे भाषणात घालच.

न्यूझीलंडने उलट 1983 च्या कायद्यात साध्या रायफल-शॉटगनची नोंदणीच काढून टाकलेली. म्हणणं असं की माणूस नीट तपासला की झालं, मग त्याच्या घरात किती बंदुका ते कशाला मोजत बसायचं. 1997 ला निवृत्त न्यायाधीश थॉर्प यांच्या अहवालात नोंदणी परत सुरू करा असं स्पष्ट म्हटलं होतं, ते पडून राहिलं. 2019 ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमधे 51 जण गेले. मारणारा ऑस्ट्रेलियन, आणि लायसन्स मात्र न्यूझीलंडचं, रीतसर. इथे बोलताना जरा थांब. त्यानंतर महिन्याच्या आत संसदेत 119 विरुद्ध 1 मताने सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी आली, नोंदणी सुरू व्हायला मात्र 2023 उजाडलं.

आमच्या सासऱ्यांची मुळशीकडे शेती, रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक होती. निवडणूक लागली की गोणपाटात गुंडाळून पोलिसात जमा करायची. हवालदार बंदुकीवरचा नंबर लायसन्सच्या पुस्तकाशी जुळवायचा, तो पुसट झालेला, म्हणून सासरे आदल्या रात्री रॉकेलच्या फडक्याने घासून ठेवायचे. म्हणजे आपण माणूसही मोजतो आणि बंदूकही, 2019 च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला तीनऐवजी दोनच.

आता कोणीतरी विचारणारच, गावठी कट्टा कुठल्या पुस्तकात लिहिलेला असतो? तेव्हा कॅनडा सांग. 2020 ला नोव्हा स्कॉशियात 22 जणांना मारणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं, बऱ्याचशा बंदुका अमेरिकेतून चोरट्या मार्गाने आणलेल्या. न्यूझीलंडला चहूबाजूंनी समुद्र आहे, कॅनडाला अमेरिकेची हजारो किलोमीटरची हद्द, कायदा कितीही कडक केला तरी शेजारी काय विकतो ते तुझ्या हातात नाही.

पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेलच्या बंदूकबाजाराचा पॅरा चुरचुरीत आहे पण उडव, सात मिनिटांत बसत नाही. रविवारी दहापर्यंत ये, घड्याळ लावून म्हणून दाखव, कागद न बघता.