मॅक्सवेल यांचे स्वतःचे योगदान कोणते?

प्रश्न : भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या नावाने ओळखली जाणारी वीज आणि चुंबकत्व यांची चार समीकरणे पाहिली, तर त्यांतले नियम गाऊस, फॅरेडे आणि अँपिअर यांचेच दिसतात. मग विद्युत्चुंबकीय सिद्धान्ताचे श्रेय मॅक्सवेल यांना का देतात?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण बरीचशी सामग्री मॅक्सवेल यांच्या आधीच जमा झाली होती. तारेतून प्रवाह सोडला की जवळची चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले आणि त्याच वर्षी अँपिअर त्याच्या गणिताला लागले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना गुंडाळलेल्या वेटोळ्यांपैकी एकाला बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळची सूची जोडताक्षणी आणि तोडताक्षणी हलली. प्रवाह स्थिर वाहत असताना मात्र ती जागची ढळली नाही. यातला ‘बदल’ महत्त्वाचा होता. वीज आणि चुंबकत्व यांची खरी घडामोड भोवतालच्या अवकाशात होते, हे फॅरेडे यांचे म्हणणे अनेक गणितज्ञांना पटत नव्हते. मॅक्सवेल यांनी ते मनावर घेतले आणि गणितात उतरवले.

त्यांची स्वतःची भर एका पदाची आहे. कपॅसिटर, म्हणजे समोरासमोरच्या दोन धातूच्या पट्ट्यांवर विद्युतभार साठवणारे साधन, भारित होत असताना तारेतून प्रवाह वाहतो, पण दोन पट्ट्यांमधल्या फटीतून काहीच वाहत नाही; त्यामुळे प्रवाहाभोवती किती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते हे सांगणारा अँपिअर यांचा नियम तारेपाशी एक उत्तर देतो आणि फटीपाशी दुसरे. फटीतले बदलते विद्युतक्षेत्रही प्रवाहासारखेच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, असे मानले की ही विसंगती मिटते. या पदाला विस्थापन प्रवाह म्हणतात. पाठ्यपुस्तके ते असे सोपे करून सांगतात, मॅक्सवेल मात्र १८६१-६२ च्या निबंधात फिरत्या भोवऱ्यांच्या आणि त्यांच्यामध्ये घोळणाऱ्या बारीक गोळ्यांच्या एका यांत्रिक प्रतिमानावरून तेथे पोहोचले. ते प्रतिमान त्यांनी पुढे बाजूला ठेवले, पण पद टिकले.

या प्रतिमानात मॅक्सवेल यांनी अवकाश भरून राहिलेल्या माध्यमाला लवचीकपणा दिला होता, आणि लवचीक माध्यमात तरंग उठणारच. त्यांचा वेग काढण्यासाठी लागणारी संख्या वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये मोजलेली होती : त्यांनी लेडन जारमधला (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला) भार आधी स्थिर विजेच्या एककात मोजला आणि मग गॅल्व्हानोमीटर या प्रवाहमापकातून सोडून चुंबकीय परिणामावरून मोजला. या दोन मापांच्या गुणोत्तरावरून तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख ११ हजार किलोमीटर आला, तर फिझो यांनी १८४९ मध्ये दातेरी चाकाने मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३ लाख १५ हजार किलोमीटर होता. ज्या प्रयोगात प्रकाशाचा किरणही नव्हता, त्यातून प्रकाशाचा वेग निघावा, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. प्रकाश हा विद्युत्चुंबकीय तरंग आहे, हा निष्कर्ष १८६५ च्या निबंधात त्यांनी प्रतिमानाच्या आधाराविना मांडला, आणि १८८७-८८ मध्ये कार्लस्रूए येथे हर्ट्झ यांनी ठिणग्यांच्या साहाय्याने असे तरंग निर्माण करून त्यांची लांबी मोजली.

राहता राहिली चार समीकरणे. मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये २० समीकरणे लिहिली होती. त्यांना आजचे आटोपशीर रूप पुढे हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात दिले. या रूपात इतरांचे नियम वेगवेगळे उठून दिसतात आणि मॅक्सवेल यांची भर अँपिअर यांच्या नियमाच्या शेवटी एका पदात असते, म्हणून ती सहज नजरेतून सुटते.